तलावातलं देवधान

"तुम्ही देवधान पाठवलेलंच नाही. धान पाठवलंय," मॅडम फोनवर म्हणाल्या.

मी साकोलीच्या बसस्टँडवर चहा पीत होतो. कप तसाच बाकावर ठेवला.

आधी माझं काम सांगतो. मी एका बियाणे संग्रहात टेक्निशियन आहे; मॅडम तिथल्या प्रमुख. रानात, पाण्यात आपोआप वाढणारे आपल्या पिकांचे जे नातेवाईक असतात, त्यांचं बी गोळा करायचं आणि कोल्ड स्टोरेजमध्ये जपून ठेवायचं. देवधान म्हणजे जंगली भात. त्याला कोणी पेरत नाही, कोणी रोवत नाही, तरी दरवर्षी तलावात उगवतो. रोग, पूर, कोरड सोसायची ताकद त्याच्या अंगात असते. उद्या आपल्या धानाला ती लागेल, म्हणून ही सगळी धडपड.

साकोलीजवळच्या एका गावच्या तलावात देवधान भरपूर होतं. पण एप्रिलमध्ये तलावाचा गाळ काढायचं काम सुरू होणार होतं. गाळ काढणं गरजेचंच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण देवधानाचं बी त्याच गाळात पडून असतं, ते गाळासोबत जाणार. म्हणजे माझ्या हाती एकच हंगाम होता. दिवाळी झाल्यावर मी जाऊन दोन पिशव्या भरून लोंब्या आणल्या आणि शाबासकीची वाट बघत बसलो. फेब्रुवारीत ही शाबासकी आली.

"रिपोर्टमध्ये काय आहे, मॅडम?"

"शेतातल्या धानाचे जीन्स. जवळजवळ प्रत्येक लोंबीत. सॅम्पल रिजेक्ट. तुम्ही काढलं कुठून?"

"तलावातून."

"तलावात कुठून?"

काठावरून काढलं होतं. बूटसुद्धा काढले नव्हते.

काठाने काय बिघडलं, ते सांगतो. धानाचा पराग, म्हणजे फुलातली ती बारीक पावडर, वाऱ्यावर उडते. ती काही मिनिटंच जिवंत राहते, त्यामुळे फार लांब जात नाही. पण तलावाच्या काठाला लागून बांध्या, म्हणजे धानाची वाफेवजा शेतं असली आणि दोन्हीकडे एकाच वेळी फुलोरा आला, की तेवढं अंतर तिला पुरतं. मग तयार झालेलं मिसळीचं बी पाण्यात पडतं, तरंगत जातं, त्याचं कुसळ म्हशीच्या अंगाला चिकटतं. परागाने जे जवळच्या जवळ केलं, ते बी पुढे दूरवर नेऊन पोचवतं.

मी तसाच गावाकडे निघालो. तलावात वाळक्या काड्यांशिवाय काही नव्हतं. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, अनसूयाबाई जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या. ढिवर समाजातल्या, सारा जन्म याच तलावात मासे धरण्यात गेलेला. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"दिवाळीनंतर आले होते ते तुमीच ना जी? बूटवाले साहेब."

"हो मावशी. देवधान न्यायला आलो होतो."

"पन तुमी देवधान नेलंच नाई. तुमी आले तवा ते झडून गेलं होतं."

"लोंब्या तर चांगल्या भरलेल्या होत्या."

"भरलेल्या राह्यल्या म्हनूनच त सांगून राह्यली. देवधान पिकलं का झडते. जे झडत नाई, त्याची बांधीतल्या धानाशी सोयरीक झाली. तुमी तेच वेचून नेलं."

माझे वडील तुमसरच्या राइस मिलमध्ये होते. भरलेली लोंबी म्हणजे चांगली लोंबी, हे मी लहानपणापासून शिकलेलो. त्याच सवयीने मी नेमकी बाटलेली लोंबी निवडून निवडून पिशवीत भरली होती. पुस्तकात हे वाचलेलं होतं. पण हात पुस्तक वाचत नाहीत.

"मग तुम्ही कसं काढता, मावशी?"

"तलावाच्या मधात जावं लागते, छातीभर पान्यात. दाना पिकाच्या आंधीच चार-चार लोंब्या वाखाच्या दोरीनं बांधून ठेवाच्या. मग खाली टोपलं धरून झटकाच्या. काठावरचं आमी खातच नाई."

"खाता कधी?"

"ऋषीपंचमीले. त्या दिवशी नांगरलेल्या जमिनीतलं चालत नाई ना."

मी जरा घाबरतच विचारलं, "यंदाचं आहे का?"

त्या पाळीखालच्या आपल्या घरात गेल्या आणि एक मडकं घेऊन आल्या. आत काळ्या टरफलाचे, लांब कुसळांचे दाणे होते. कांडलेले नव्हते, म्हणजे जिवंत होते. मी म्हणालो, मूठभर द्या.

"मूठभरानं भागते का तुमचं?"

खोटं बोलवेना. "नाही. हे सगळंच लागेल."

त्यांनी मडकं माझ्या पिशवीत पालथं केलं. तळाला चिकटलेले दाणेसुद्धा बोटाने खरवडून दिले.

"मावशी, मग तुमचा उपास?"

"भगर खाईन. बी राह्यलं त उपास कवाही होते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं म्हणून सांगतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला इतकं मोठं दान कोणी दिलेलं नाही, आणि देताना त्या जाळ्याची गाठही अर्धवट सोडून आल्या होत्या.

या वेळी रिपोर्ट स्वच्छ आला. बी उत्तम उगवलं. एप्रिलमध्ये गाळ निघाला आणि पावसाळ्यात तलाव भरला, तेव्हा आम्ही काही रोपं नेऊन आतल्या उथळ भागात लावली, बांध्यांपासून लांब. जागा अनसूयाबाईंनी दाखवली. मी अनवाणी होतो.

ऋषीपंचमीला मी त्यांना फोन केला. भगर कशी झाली, विचारलं.

"काई खास नाई," त्या म्हणाल्या. "पन रोपं जोरात हायेत."

सॅम्पल कसं घ्यायचं, याची आमच्याकडे छापील नियमावली आहे. पाण्याची खोली, काठापासूनचं अंतर, पिशवीचा प्रकार, सगळं तिच्यात लिहिलेलं आहे. मॅडमची परवानगी घेऊन मी त्यात सर्वांत वर एक नियम वाढवला. त्यांनी एक शब्दही न बदलता सही केली.

"बी गोळा करण्यापूर्वी, ते कोण खातं याची चौकशी करावी."