उत्तरेतली दोन गावं आणि घरातला केर

माझा मुलगा जहाजावर इंजिनियर. त्या वर्षी थंडीत त्याचं जहाज नॉर्वेच्या पार उत्तरेला एका बंदरात लागलं आणि तिथं त्याचं अपेंडिक्स फुटलं. गावात दवाखाना होता, पण पोट उघडणारा डॉक्टर नव्हता. तो दुसऱ्या गावात, तेही उत्तरेलाच. सिंगापुरात यिशुनच्या आमच्या फ्लॅटवर दुपारी कंपनीच्या माणसाचा फोन आला. पेशंटला नेणारं छोटं विमान सुटलंय, उतरलं की कळवतो, म्हणाला.

सुनेने लगेच कंप्युटरवर दोन्ही गावांची नावं घातली.

"आई, अंतर फार नाही. विमानाने पन्नास मिनिटं."

नात शाळेतून येऊन बिस्किटं खात होती. तिने आपल्या फोनवर पाहिलं. "नो लाह, मम्मी. इथे सात तास लिहिलंय. आधी खाली ऑस्लोला, मग परत वर."

"ते तिकीट काढून जाणाऱ्यांचं. बाबा सरळ जातोय."

"हू टोल्ड यू सरळ?"

सुनेने पडद्यावरचा नकाशा मोठा केला. पोरीच्या हातून डबा पडला, चुरा सगळीकडे झाला. तिला कोणी रागावलं नाही.

पन्नास मिनिटं झाली. मग दीड तास झाला. सुनेने कंपनीच्या माणसाला स्पीकरवर फोन लावला. तो चौकशी करतोय म्हणाला, आणि आवाजावरून मला कळलं की त्यालाही माहीत नाही. चुऱ्याला मुंग्या लागल्या होत्या. नुसतं बसवेना म्हणून मी झाडू घेतला.

"झाडू नका," सून म्हणाली.

"का?"

"माणूस प्रवासाला निघाला की पोचेपर्यंत केर काढत नाहीत. तुम्हीच सांगितलं होतंत."

"तेव्हा तू हसली होतीस. त्याची टॅक्सी गेटबाहेर पडायच्या आत व्हॅक्यूम लावायचीस."

"हो, लावायचे. आज नको."

मुलाच्या वडिलांना दवाखान्यात नेलं तेव्हा मी दोन दिवस केर काढला नव्हता. ते गेलेच. तेव्हापासून माझा त्यावर विश्वास नाही. हे जिभेवर आलं होतं. सुनेचा चेहरा पाहिला आणि झाडू दाराआड ठेवला. तिघी पाय वर घेऊन सोफ्यावर बसलो.

दिवे लावायच्या वेळी फोन आला. वाऱ्यामुळे विमानाला त्या गावात उतरता आलं नव्हतं. घिरट्या घालून ते तिसऱ्याच गावी गेलं. तिथून रुग्णवाहिकेने निघालेत, रस्त्यावर बर्फ आहे.

"तिथून किती लांब?" मी विचारलं.

सुनेने कंप्युटर मिटला. "मी नाही बघत आता."

रात्रीच्या जेवणाला भातच टाकला. तो पानात तसाच असताना परत फोन आला. पोचला, ऑपरेशनला आत नेलं.

"पोचला म्हणजे चालेल ना आता?" सुनेने दाराआडच्या झाडूकडे बघत विचारलं. मॅनेजर बाई, हाताखाली पंधरा माणसं, आणि मला विचारत होती.

"राहू दे," मी म्हटलं. "मुंग्या कुठे पळून जात नाहीत."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचाच फोन आला. आवाज पेंगुळलेला, पण त्याचाच. सून त्याच्याशी बोलली, फोन माझ्या हातात दिला आणि उठली.

"आई, ती रडतेय का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "केर काढतेय."