जुन्या वरईची कणी

आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या शेडमध्ये एक हिरवं यंत्र उभं आहे. त्याच्यावर ताडपत्री टाकलेली आहे आणि ताडपत्रीवर कुणीतरी मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या आहेत. मी रोज तिथून गाडी काढते आणि रोज चिडते. खुर्च्या कोणी ठेवल्या हे मात्र अजून विचारलेलं नाही. विचारलं तर 'मग कुठे ठेवू, मॅडम?' असं उत्तर येईल, आणि मलाही दुसरी जागा सांगता येणार नाही.

ते यंत्र वरईचं आहे. उपवासाला आपण जी भगर खातो, ती टरफलासकट असते तेव्हा तिला वरई म्हणतात. दाणा मोहरीएवढा आणि टरफल असं चिकट की माणसानं हात टेकावेत. नाशिक शहरात मोठ्या गिरण्या हे टरफल काढतात, पांढरीशुभ्र भगर पिशव्यांत भरतात आणि ती देशभर जाते. जिथे ही वरई पिकते त्या पेठकडच्या डोंगरात मात्र घरच्या खाण्यापुरती वरई बायका अजून उखळात कांडतात. कांडायची, सुपात पाखडायची, पुन्हा कांडायची. दोन वेळच्या भातापुरती वरई कांडायची म्हटली तरी सकाळ त्यातच जाते.

मी मूळची नांदगावकडची, बाजरीवर वाढलेली. शेतीची आणि धान्यप्रक्रियेची यंत्रं हा माझा अभ्यासाचा विषय. लग्न ठरलं तेव्हा सासरी समज झाला होता की मुलगी ट्रॅक्टर दुरुस्त करते. एका नणंदेचा तो समज अजून गेलेला नाही. तिच्या गाडीतून आवाज आला की पहिला फोन मला येतो. मी शिकवते त्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना आता ड्रोन हवेत. वरईचं टरफल काढणारं छोटं यंत्र करायचं म्हटल्यावर वर्गात जी शांतता पसरली, ती मला आजही ऐकू येते. मला त्या शांततेचा राग आला आणि त्या रागावरच मी पुढची काही वर्षं काढली.

राग पुरेसा नसतो हे मला मावशींच्या अंगणात कळलं. मावशी म्हणजे पेठच्या पलीकडे एका पाड्यावर राहणाऱ्या बाई. नमुन्यासाठी वरई मागत मी दारोदार फिरत होते, तेव्हा त्यांनीच पहिल्यांदा बसायला सांगितलं. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या असतील. दिवाळी झाली की मुलगा आणि सून द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरीकडे उतरायचे आणि मग घरातलं कांडण एकट्या मावशींवर यायचं. त्यांचा उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. मुसळ उचलताना त्या डाव्या हातानं उजव्याला वर ढकलायच्या. बघणाऱ्याचाच खांदा दुखावा असं ते दिसायचं.

"ताई, मशीन झालं तर वरई पेरू," त्या म्हणाल्या होत्या. "नाय झालं तर बास. इकतची भगर खाऊ. ह्यो खांदा आता आयकत नाय."

त्या उतारावर वरई राहणार की जाणार, ते या वाक्यावर अवलंबून होतं. ज्या सरकारी योजनेच्या पैशातून हे काम चाललं होतं, तिच्या समितीनं यंत्र पास केलं, तर पहिलं यंत्र मावशींच्या अंगणात कायमचं बसणार होतं आणि पाड्यातल्या बायकांनी ते वापरायचं होतं. नापास केलं तर विषय संपला. एवढं साधं होतं ते.

यंत्राची गोष्ट म्हणजे एका चकतीची गोष्ट. मधली चकती जोरात फिरते, दाणा फेकला जातो, भोवतीच्या रबरावर आपटतो आणि टरफल फुटतं. चकती हळू फिरली तर टरफल तसंच राहतं. जोरात फिरली तर आतला दाणाही फुटतो आणि भगरीची कणी होते. या दोन्हींच्या मधला वेग शोधायला आमची वर्षं गेली. ते काम नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये चालायचं. वर्कशॉपचे मालक पूर्वी ओझरला विमानाच्या कारखान्यात होते आणि हे सांगायची एकही संधी ते सोडत नसत.

"विमान सोपं असतं, मॅडम," ते म्हणायचे. "विमानाला भगर खायची नसते."

मी चिडायचे आणि ते चहा मागवायचे. शेवटी मावशींकडच्याच वरईवर गणित जमलं. सोंगणी झाल्यावर खळ्यात मळलेली, उन्हात वाळवलेली ती नवी वरई होती. दाणे अख्खे बाहेर पडायला लागले तेव्हा वर्कशॉपच्या मालकांनी त्यातले काही तोंडात टाकले आणि कच्चेच चावले. आम्ही तोच वेग कायम केला, त्याच मापाची पुली बसवली आणि यंत्राला हिरवा रंग दिला. रंगाचा आग्रह माझा होता. इतकी खूश मी त्याआधी कधी होते, ते आठवावं लागेल.

समितीनं चाचणीसाठी पुढच्या वर्षीची, दिवाळीनंतरची तारीख दिली. मीच हट्ट धरला होता की चाचणी पाड्यावर व्हावी, तिथल्या विजेवर, तिथल्या वरईवर. प्रयोगशाळेत काय, कुठलंही यंत्र गुणी बाळासारखं वागतं. मावशींना फोन करून तारीख कळवली. "या," त्या म्हणाल्या, "वरई देऊ."

त्या दिवशी पाडा जमला होता. अंगण सारवलेलं, यंत्राला हार घातलेला, नारळ तयार. समितीचे अध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, पाणी मागून प्यायले आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले की त्यांना संध्याकाळी ओझरहून विमान पकडायचंय. मावशींनी टोपलीतून वरई आणली. मी मूठभर हातात घेतली. रंग जरा काळपट वाटला, पण वरईच्या जाती अनेक असतात आणि माणसं माझ्याकडे बघत होती. बटण दाबलं. यंत्राचा आवाज छान, गोल होता. खालच्या ताटात भगर पडायला लागली.

ताटात कणी पडत होती. रव्यासारखी बारीक कणी. मधूनच एखादा दाणा अख्खा दिसायचा आणि त्यामुळे बाकीचं जास्तच वाईट दिसायचं. अध्यक्षांनी चिमूट तळहातावर घेतली, फुंकर मारली आणि म्हणाले, "मॅडम, याचा तर उपमा होईल." त्यांना लागेल असं बोलायचं नव्हतं. सोबतची माणसं हसली. मी यंत्र बंद केलं, उघडलं, हात घालून चकती तपासली. चकतीला काही झालं नव्हतं.

समितीच्या गाड्या वळणाआड गेल्यावर मावशींनी ते सांगितलं, आणि तेही मी विचारलं म्हणून. वरई जुनी होती. गेल्या सालची, चुलीवरच्या कणगीत वर्षभर धुरात राहिलेली, खडखडीत वाळलेली. मुलीच्या घरी द्यायला म्हणून त्यांनी राखून ठेवली होती.

"पण नवी वरई घरात आहे ना?" मी जवळजवळ ओरडलेच.

"हाय की. पर कणसरीला दावली नाय अजून."

कणसरी ही त्यांची धान्याची देवी. नवं धान्य आधी तिला दाखवायचं आणि मगच ते उखळात घालायचं, तोंडात घालायचं. दरवर्षी ही पूजा दिवाळीच्या आसपास होते. यंदा पूजा करणाऱ्या भगताच्या घरात कुणी वारलं होतं, म्हणून पूजा सुतक फिटल्यावर करायची ठरलं. समितीची तारीख त्याच्या आधी पडली. हे मला कुणी कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. मलाही विचारायचं सुचलं नाही.

त्यातही एक गोष्ट होती. यंत्रात घातलेलं उखळात घातल्यासारखं धरायचं का, यावर पाड्यात आदल्या दिवशी चर्चा झाली होती. एकजण म्हणाला होता, मशीन लोखंडाचं, त्याला काय होतंय. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं, ज्यात कांडण होतं ते उखळच. म्हणजे माझ्या यंत्राला उखळाचा मान मिळाला होता. इतक्या वर्षांत त्या यंत्राचा एवढा सन्मान दुसऱ्या कुणी केला नाही, आणि त्यानंच त्याचा घात झाला. मला हसूही आलं आणि रडूही आलं. मग नुसतंच रडू आलं आणि मी पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले.

वेग कमी करायला मोटरला लहान पुली बसवावी लागली असती, आणि तशी पुली आमच्याकडे नव्हती. कधी करावीशी वाटलीच नाही. त्या डोंगरात पावसाळा संपेपर्यंत घरातलं धान्य टिकत नाही, तिथे वर्षाची जुनी वरई कांडायला आणणार कोण?

मी समितीला सगळं सविस्तर कळवलं. जुना दाणा ठिसूळ असतो, चाचणी नव्या दाण्यावर पुन्हा घ्या, आम्ही तुमच्या सोयीनं येऊ. अध्यक्षांचा फोन आला. त्यांना पटलं होतं, खरंच पटलं होतं. "पण पूजेचं कारण मी वर काय म्हणून सांगू?" ते म्हणाले. "आणि मॅडम, खरं सांगू का, तरुण पोरं कुणी वरई पेरणारच नाहीयेत. तुम्ही तरी किती दिवस जीव आटवणार?" मला भांडायचं होतं. पण त्यांचा आवाज इतका दमलेला होता की भांडण तोंडातच राहिलं. योजना बंद झाली. यंत्र पाड्यावरून शेडमध्ये आलं.

काही दिवसांनी पेठच्या एसटीनं एक गाठोडं आलं. पूजा झाली होती आणि मावशींनी नवी वरई पाठवली होती. कुणी मागितली नव्हती. त्यांनी देऊ म्हटलं होतं, म्हणून दिली. मी वर्कशॉपच्या मालकांना बोलावून घेतलं. आम्ही दोघांनी यंत्र पुसलं, सुरू केलं. भगर पडायला लागली. अख्खी. ताट हलवलं की दाणे गोळ्यांसारखे घरंगळत होते.  त्या दिवशी चहा कुणी मागवला नाही.

मी ती भगर पिशवीत भरली आणि पुढच्याच रविवारी पाड्यावर गेले. का गेले याचं कारण माझ्यापुरतं स्वच्छ होतं. मावशींना वाटत होतं की त्यांच्या दाण्यानं घात केला. फोनवर त्या दोनदा म्हणाल्या होत्या, "माझ्याच वरईनं तुमचं नाक कापलं, ताई. आमची वरई मशीनला नाय जमायची." त्यांच्या मनातलं ते ओझं उतरवायचं होतं. घाट चढताना मी वाक्यं जुळवत होते.

अंगणात उखळाशेजारी सूप पडलेलं होतं. मी पिशवी सुपात रिकामी केली. मावशी खाली बसल्या आणि त्यांनी बोटांनी दाणे पसरले. मग एक उचलून उजेडात धरला.

"अख्खी हाय," त्या म्हणाल्या. मग शेजारच्या बाईला हाक मारली, "अगं ये, बघ, मशीननं काढली. एक दाना फुटला नाय." शेजारीण आली, तिनंही हात फिरवला. दोघी हसत होत्या. मावशींना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"तुमच्या वरईत काही वाईट नव्हतं, मावशी," मी म्हणाले. "नुसती जुनी होती."

"ते जाऊ द्या. मशीन कवा आणताय?"

जुळवलेली वाक्यं सगळी गेली. यंत्र येणार नाही, असं मी सांगितलं. ते नापास झालंय, योजना बंद झाली. शेजारीण माझ्याकडे आणि सुपाकडे आळीपाळीनं बघत राहिली.

"पर ही तर अख्खी हाय," मावशी म्हणाल्या.

"हो."

"मंग तेन्ला सांगितलं नाय का?"

"सांगितलं. त्यांना माहीत आहे."

मावशींनी तळहाताला चिकटलेले दाणे एकेक करून सुपात झटकले. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता.  मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मशीनला जमत नाय म्हणून मी गप बसले व्हते, ताई. मनाला समजावलं व्हतं. आता हे मला दावाया कशाला आलात?"