पलीकडचेही थांबणार होते

हिराजीदादाला एका सरकारी साहेबाने फसवलं, आणि त्या साहेबाच्या भरवशावर हिराजीदादाने गावाला. दादाने ते नकळत केलं. साहेबाला पक्कं ठाऊक होतं.

महिन्यापूर्वी कोपरहून दादाच्या लेकीचा फोन आला, तेव्हा मी ठाण्याच्या बाजारात एका गिऱ्हाइकाशी भांडत होते. "आत्या, बाबा गेले." दादा माझा चुलतभाऊ, आमच्या किनाऱ्यावरचा मोठा नाखवा, चार बोटींचा मालक. विकायला मासळीची पहिली टोपली मला त्यानेच भरून दिली. भाव करायला मात्र मी माझी मी शिकले.

पापलेट कमी होऊ लागलं, जाळ्यात नुसती पिल्लं येऊ लागली, तेव्हाची गोष्ट. साहेब गावात आले, दादाकडे जेवले आणि म्हणाले, हा मासा गुजरातवरून पाकिस्तानच्या पाण्यात जातो-येतो. तिकडच्यांशी बोलणं झालंय, तेही पिल्लं धरायचं थांबवणार, तुम्हीही थांबा. मी दादाला म्हटलं, "सौदा दोघांचा असतो. समोरच्याचं तोंड पाहिलंस का?"

"तू देवाशीपण घासाघीस करशील गो! माणूस माझ्या घरी जेवलाय."

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देताना त्याने सगळ्या नाखव्यांकडून शब्द घेतला. बारीक जाळी माळ्यावर गेली. दोन हंगाम बोटी अर्ध्या रिकाम्या आल्या. दोघांनी तर बोटी विकल्या...

मग पलीकडे पाकिस्तानात पकडला गेलेला आमचा एक खलाशी सुटून आला. म्हणाला, "तिकडच्या धक्क्यावर उतरवलं तेव्हा मी तिथल्या मच्छीमारांना विचारलं, पिल्लं सोडता ना? ते हसायलाच लागले. आम्हाला कुणी सांगितलंच नाही, बोलले. तुम्ही सोडता? मग बरंय, आम्हाला मिळतात!"

मी साहेबांना फोन लावला. "बोलणी प्रस्तावित होती," म्हणाले. प्रस्तावित! आमच्या बाजारात असं बोलणाऱ्याची टोपली उलटी करतात.

गाव म्हणालं, हिराजीने पैसे खाल्ले. दादा भांडला नाही, लेकीकडे कोपरला राहायला गेला. "पिल्लं धरू नयेत हे खरंच आहे गो," एवढंच म्हणायचा. "पण दोघांनी." त्याच्या दहाव्याला गावातला एकही नाखवा आला नाही.

मी मासे घेऊन गेले की तो पापलेटावर तळहात ठेवायचा. हाताखाली झाकलं गेलं तर जेवायचा नाही. आता घाऊक माल घेताना माझाही हात आपोआप तसाच पडतो... दलाल चिडतात.

साहेब निवृत्त होऊन ठाण्यातच राहतात, हे वाचतीलही. त्यांनी गावात यावं, नाखव्यांसमोर उभं राहून सांगावं, की बोलणं झालंच नव्हतं आणि हिराजीने कुणाचा पैसा खाल्ला नाही. साहेब, कधी येताय?