आबांनी धरलेली खुर्ची

मंडळी, परीक्षेच्या धास्तीनं महिनाभर माझी झोप उडालीय. आज शिरूरला कॉलेजच्या समुपदेशन कक्षात माझी वेळ होती, पण ऐनवेळी मी कच खाल्ली. केंदूरला घरीच बसले.

आबा, म्हणजे माझे आजोबा, खांद्यावर टॉवेल टाकून उठले. गुपचूप शिरूरच्या एसटीत बसले.

तासाभरानं समुपदेशक मॅडमचा फोन आला. "तुझे आजोबा तुझी खुर्ची कुणालाच देत नाहीत."

मी धावतपळत पोचले. एसटीत सीट धरतात तसा खुर्चीवर टॉवेल, शेजारी आबा उभे.

"बस. मी भाईर हाय."

मी मॅडमशी मनसोक्त बोलले, त्याच टॉवेलात रडले. निघताना तो परत द्यायला लागले.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. पुढच्या बारीला तुझी जागा तूच धर."