थोरल्या साडूंचं ऊन

सूर्य रोज आपल्याच देखरेखीखाली उगवतो, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला माहीत आहे. ते म्हणजे माझे अणदूरचे थोरले साडू. त्यांच्या घरी गेलं की आधी पाणी नाही, आधी ऊन. भर एप्रिलात ते पाहुण्याची खुर्ची अंगणात मधोमध मांडतात आणि "हे समदं वाया चाललंय बगा," म्हणून हळहळतात. लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आत गच्चीवर. एकदा आम्ही दोघं मुरुमला सांत्वनाला गेलो होतो. घरातली माणसं डोळे पुसत होती आणि साडू जिन्यावरून उतरून माझ्या कानात म्हणाले, "स्लॅब दक्षिणंला मोकळा हाय." मी सदरा ओढून त्यांना खाली बसवलं.

तीस वर्षं ते वीज खात्यात लाईनमन होते. लाईट गेली की गाव त्यांच्या नावानं खडे फोडायचं आणि आली की कुणाला त्यांची आठवणही व्हायची नाही. निवृत्त झाल्यावर त्यांच्या डोक्यात आलं की गावानं आपली वीज आपणच करावी. चाळीस घरांची सहकारी सोसायटी, सगळ्यांच्या मालकीची सौर पॅनेलं आणि त्यांवर चालणारी पिठाची गिरणी. पन्नास एकरवाल्याला एक मत आणि दोन एकरवाल्यालाही एकच, हे ऐकून पहिल्या बैठकीतून मोठे शेतकरी उठूनच गेले. साडूंनी त्यांना घरोघरी गाठलं. आपला खंडोबा वर्षातले काही महिने नळदुर्गला राहतो, बाकीचे इथं. दोन गावं लेखी करार करून एक देव वाटून घेतात, मग चाळीस घरांना एक ऊन वाटून घेता येत नाही काय, असं त्यांनी विचारलं. मग एकेक जण सही करू लागला. पॅनेलावर सावली पडली की वीज घटते, हे शिकवायची त्यांची रीतही घरगुतीच. गच्चीवर पापड घालायचे, निम्म्यांवर सुपाची सावली धरायची आणि कुठले आधी वाळले ते बायांना विचारायचं. वर्षभरात माझ्या मेहुणीचा पापडांचा डबा रिकामा झाला, पण लोकांना पटलं.

उद्घाटनाला मीही होतो. गिरणी फिरली आणि साडूंना राहवेना. शिडीवर चढून, येळकोट करत, त्यांनी मूठ मूठ भंडारा उधळला. त्यांच्यामागून चाळीसही घरांनी उधळला. पहाटे दव पडलं, आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी गिरणी धापा टाकत बंद पडली. साडूंनी वायर न् वायर तपासली. पॅनेलं पिवळी झालेली सगळ्यांनाच दिसत होती, पण तो देवाचा भंडारा. त्याच्याकडे संशयानं बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही. तिसऱ्या दिवशी सभासद जमले आणि निम्मे लोक नावं काढून घेण्याची भाषा करू लागले. सोसायटी आता मोडते, हे मलाही कळत होतं. साडू सकाळपासून जेवले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना सावलीत बसलेलं पाहिलं.

तेवढ्यात माझी मेहुणी पदर खोचून शिडी चढली, पॅनेलवरून बोट फिरवलं आणि ते पिवळं बोट तिनं खाली येऊन नवऱ्यापुढं धरलं.

"देवाचाच हाय, पर वाळवणावर कुणी टाकतंय व्हय? तुमीच शिकिवलंय न्हवं आमाला."

सगळी सभा शिडीकडं धावली. पॅनेलं धुताना भंडाऱ्याचं पाणी पायदळी जायला नको म्हणून बायांनी खाली पातेली लावली आणि भरतील तशी नेऊन तुळशींना घातली. तासाभरानं गिरणी घरघरली. मी इतका मोठा सुस्कारा सोडला की शेजारचा माणूस माझ्याकडं बघायला लागला. नावं काढणारेच धान्याचे डबे घेऊन रांगेत पुढं होते. साडूंनी तिथंच उभ्या उभ्या दोन भाकरी खाल्ल्या.

आता बाया पाळीपाळीनं पॅनेलं पुसतात, बारीकसारीक बिघाडही स्वतःच काढतात. साडूंना कुणी बोलावत नाही. त्यांना हेच तर हवं होतं. पण परवा गेलो तेव्हा ते मोबाईल मांडीवर ठेवून बसले होते. नोकरीत हा वाजून वाजून जीव खायचा, आता आठ-आठ दिवस गप असतो, म्हणाले. मला बरंही वाटलं आणि वाईटही.

धाराशिवला माझ्या घरी परतल्यावर मी मुद्दाम फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"कुठली लाईट गेली?"

"कुठलीच नाही, दादा. सहज केला."

पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बरं झालं," म्हणाले. "मग बोला की जरा."