कूलरखालच्या फळ्या

वर्ध्याच्या एका क्रीडा मंडळात मी बॅडमिंटन शिकवायची. हॉलला लाकडी फ्लोअर होता आणि तो जपायचं काम, कुणी सांगितलेलं नसताना, मीच अंगावर घेतलं होतं. बाहेरच्या चपला दाराबाहेर. आत फक्त रबरी तळाचे बूट. रोज कोरड्या मॉपनं धूळ काढायची, कारण राहिलेली धूळ बुटांखाली काचपेपरासारखी घासते. डाग पडलाच तर घट्ट पिळलेलं फडकं. पाण्याची बादली मी उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. मुली हसायच्या, पण ऐकायच्या.

एका मे महिन्यात मंडळाच्या सचिवांनी किल्ली मागितली. "मीटिंग हाय मॅडम, सकाळी देतो." मी दिली.

सकाळी हॉल उघडाच होता. आत त्यांच्या मुलाचं रिसेप्शन झालं होतं. भिंतीशी मोठाले कूलर मांडलेले, टाक्या गळून गळून खाली तळं साचलेलं. खुर्च्या ओढल्याचे ओरखडे, उंच टाचांचे खड्डे, भाजीच्या तेलाचे डाग. मी गुडघ्यांवर बसून पाणी टिपलं, पंखे लावले. पण पाणी सांध्यांतून खाली उतरलं होतं. काही दिवसांत फळ्या फुगल्या, कडा वर आल्या.

"त्या बाजूचं कोर्ट बंद ठेवा," मी सचिवांना सांगितलं.

"काई होत नाई. लाकूडच तं हाय, बसते खाली."

त्यांनी निवड चाचणीचे सामने त्याच कोर्टावर लावले. माझी सगळ्यात चांगली खेळाडू आंजी गावाहून बसनं यायची. मागे सरकून शटल घेताना तिचा बूट वर आलेल्या कडेला अडकला आणि गुडघा फिरला. ती पुन्हा स्पर्धेत उतरली नाही.

मग मंडळाची बैठक झाली. सचिव सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम रोज बादलीनं फ्लोअर धुवत होत्या. म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं." बसलेल्यांपैकी बहुतेक जण त्या रिसेप्शनला जेवले होते. कूलरच्या गार हवेत. तरी सगळ्यांनी हात वर केले. मला काढून टाकलं.

मी रडले नाही. पंचांची परीक्षा दिली, पुढे स्पर्धांआधी कोर्ट तपासण्याचं काम शिकले. या वयात एवढी धडपड कशाला, असं घरचे विचारायचे. मी सांगत नसे. मी वाट बघत होते.

आणि ती वेळ आली. मोठी स्पर्धा त्याच हॉलला मिळाली. तपासणीचं काम मी स्वतः मागून घेतलं.

मला दारात बघून सचिवांचा चेहरा उतरला. फळ्या त्याच होत्या, वरून चकचकीत पॉलिश फासलं होतं.

"बूट काढा," मी म्हणाले, "आणि भिंतीकडून चालत या."

ते मोज्यांवर चालले. मधेच अंगठा ठेचकाळला, तरी हसले. "मॅडम, जुन्या गोष्टी काऊन उकरून राह्यल्या? पाव्हण्यायले निमंत्रणं गेली. सांगा, मी काय करू?"

"मंडळाच्या लोकांना बोलवा. पाणी कुठून आलं ते त्यांना सांगा."

त्यांनी बोलावलं. मान खाली घालून सांगितलं, "कूलर माह्याच कार्यक्रमाचे होते. मॅडमनं पाणी नाई टाकलं." मग माझ्याकडे आशेनं बघितलं. "आता तं पास करान ना?"

"नाही," मी म्हणाले. "पास करीन असं मी कुठे म्हटलं?"

ते उभ्या जागी बसले. त्या क्षणाची गोडी मी आजही चघळते.

कोर्ट खेळण्यालायक नव्हतं, हे खरंच होतं. पण फ्लोअर निर्दोष असता तरी मी खोट शोधत बसले असते, हेही खरं. स्पर्धा दुसऱ्या शहरात गेली. स्वागताचे फलक उतरवावे लागले. पुढच्या निवडणुकीत सचिव पडले, आणि नव्या मंडळानं सगळ्या फळ्या उखडून नव्या बसवल्या.

मी आंजीच्या त्या मुलीला फोन केला. ती आता गावातच शिवणकाम करते. सगळं ऐकून तिनं विचारलं,

"मॅडम, तो सगळ्याईसमोर बोलला?"

"बोलला."

"पुन्हा एकडाव सांगा ना. कसा बोलला?"

मी तिला अगदी सावकाश, शब्द न् शब्द सांगितलं.