कपातमावशी आणि बूटभत्ता

हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी त्या धुलाईघरात येत. दिवसभर त्या गरम रोलरमधून सपाट होऊन निघत. महिनाअखेरीला माणसांचे पगारही हिशेब लिहिणाऱ्या एका बाईच्या हाताखालून तसेच निघत, फक्त थोडे आटून. म्हणून तिचं नाव कपातमावशी. तिची बहीण तिथल्या कुणाचीच आई नव्हती, तरी ती सगळ्यांची मावशी होती.

खरं तर कपात विम्याची होती. आजारपण, बाळंतपण, म्हातारपण यांच्या तरतुदीसाठी थोडं कामगाराच्या पगारातून जायचं, थोडं मालकाच्या खिशातून. पण विमा दिसत नाही, मावशी दिसते. राग दिसणाऱ्यावरच काढता येतो.

कुठला पैसा पगारात धरायचा आणि कुठला नाही, याबाबतीत ती कुणाचं ऐकत नसे. मूळ पगार धरायचा. जादा कामाचे पैसे धरायचे. दर महिन्याला न चुकता मिळणारा भत्ताही धरायचा, मग त्याचं नाव काहीही असो. कामासाठी कुणी पदरचा खर्च केला आणि बिल दाखवून तेवढाच परत घेतला, तर तो मात्र नाही. ही चाळणी तिने घरीही नेली होती. नवरा निवृत्त शिंपी. एकदा त्याने मोठ्या उत्साहाने सांगितलं,

"आज भांडी मी घासली हं."

"घासलीत खरी, पण एकदाच. ही भेट झाली. रोज घासा, मग धरीन."

"आणि काल कपडे वाळत घातले ते?"

"ते तुमचेच होते."

धुलाईघराची फरशी कायम ओली. मालकाने पगारवाढ कबूल केली होती. त्या वर्षी ती दिली आणि तिचं नाव ठेवलं बूटभत्ता. सगळ्यांना सारखी रक्कम, दर महिन्याला, पायात काय आहे हे न बघता. बुटांचं नाव दिलं की विम्यात धरावं लागत नाही, असं त्याला कुठूनतरी कळलं होतं. त्याचा हिस्सा वाचला. कपात नाही म्हणून कामगारही खूश. मालक आणि कामगार एकाच गोष्टीवर खूश आहेत हे बघून मावशीने पगाराची वही पुन्हा उघडली.

"हा पगार आहे," ती म्हणाली. "मी धरणार."

सगळ्यांत जास्त भडकली इस्त्रीवाली. तिला सहावा महिना होता. दिवसभर उभी राहून ती टेबलाला पोट टेकवत इस्त्री करायची.

"मावशी, बाळ माझं, खर्च माझा. तुमचं काय जातं हो?"

"माझं नाही गं बाई, तुझं जातं. रजेत विमा तुला पैसे देणार ते आधीच्या महिन्यांत धरलेल्या पगारावरून. जे धरलं नाही ते त्यांच्या लेखी तू कमावलंच नाहीस. बाळाला घेऊन घरी बसशील तेव्हा तेवढं कमी येईल."

"तेव्हाचं तेव्हा बघू. पाळणा आत्ता घ्यायचाय."

तोडगा बॉयलरवाल्या काकांनी काढला. "बिल दाखवलं की धरत नाहीत ना? मग बिलं आणू!" कोपऱ्यावरच्या बूटवाल्याने उदार मनाने बिलं फाडून दिली आणि मनाला येईल ते त्यावर लिहिलं. दुसऱ्या दिवशी मावशीच्या टेबलावर चळत. तिने एकेक बिल शांतपणे वाचलं.

"काका, तुम्ही घेतलेत लाल, उंच टाचांचे."

काका जराही हसले नाहीत. "बॉयलर उंच आहे."

"असू दे. बिल आहे म्हणजे बूटही असतील. सोमवारी सगळ्यांनी घालून या. ज्याच्या पायात बिलातले बूट, त्याचा भत्ता मी सोडते. शब्द देते."

सोमवारी धुलाईघरात जी वरात आली, तशी त्या ओल्या फरशीने कधी पाहिली नसेल. शेजाऱ्याचे बूट, मेव्हण्याचे बूट, एकाच्या पायात तर वारलेल्या सासऱ्याचे. काकांनी बायकोच्या लाल सँडल काखेत धरल्या होत्या. "घालून आलो असतो, पण रस्त्यात लोक असतात."

इस्त्रीवालीने नणंदेचे बूट आणले होते. ती स्टुलावर बसली, वाकता येईना. मग मावशीच खाली बसली. शब्द दिला होता, म्हणून तिने अगदी प्रामाणिकपणे जोर लावला. नाडी पूर्ण सोडली, टाच दाबली, पुन्हा दाबली. पाय आत जाईना. हात काढला तेव्हा घोट्याजवळ तिच्या बोटांचे खड्डे तसेच राहिले होते. ते भरून येण्याची दोघीही वाट बघत राहिल्या. रोलर चालू होता.

"मावशी," इस्त्रीवाली हळूच म्हणाली, "या पायांवर मी किती दिवस उभी राहणार हो?"

"म्हणून तर धरायचं म्हणते."

इस्त्रीवालीने नणंदेचे बूट पिशवीत टाकले. "धरा," ती म्हणाली.

बाकीच्या कुणाच्याही पायात बिलातले बूट नव्हते, आणि एकीचा धरला तर सगळ्यांचाच धरायला हवा. भत्ता तोच होता. मालक दोन दिवस दार आपटत फिरला. काकांनी सँडल घरी परत नेल्या आणि त्या कुठे होत्या हे बायकोला सांगताना त्यांना बॉयलरपेक्षा जास्त घाम फुटला.

इस्त्रीवालीला मुलगी झाली. रजेचे पैसे आले त्या दिवशी तिचा फोन आला. आभाराचा नव्हता.

"मावशी, भत्ता धरून आले पैसे. पण मालकांनी सगळ्यांना दिलेली ती छत्री? ती नाही धरलीत?"

"ती भेट होती. एकदाच दिली."

"आणि मी आणलेल्या स्टार्चचे पैसे?"

"त्याचं खरं बिल होतं."

"म्हणजे शेवटी तुम्ही कापलंतच!" मागे बाळ रडायला लागलं आणि फोन बंद झाला.

बातमी पसरली. आता सगळ्यांनाच सगळं धरून हवं होतं. घडीवाल्या बायकांना चहा धरून हवा होता, ड्रायव्हरला त्याचं पेट्रोल. मावशी एकेकाला नाही म्हणत होती, आणि पूर्वीइतकीच नावडती होती. शेवटी काका आले, दारात उभे राहिले.

"मालक मला शिव्या देतात. दर महिन्याला, न चुकता. त्या धरता येतील?"

मावशीने चष्मा काढला. खरोखर विचार केला.

"सगळ्यांना सारख्याच देतात का?"